डिंकाने चिकटवलेला पहिला तास

४ मार्च

पुढच्या वर्षीपासून नववीची मुलं आपापले विषय स्वतः निवडणार. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी आज सभेत हे इतक्या सहज सांगितलं, जणू पाण्याची टाकी धुवून घ्यायची आहे. आजवर आमच्याकडे दोनच तयार गाठोडी होती, एक शास्त्राचं आणि एक व्यापाराचं. ज्याच्या वाट्याला जे येईल ते त्याने पाठीवर घ्यायचं आणि शाळा संपेपर्यंत चालायचं. बाई म्हणाल्या, "मुलांना एकदा विचारून तर बघू."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. वळणारच. अठरा वर्षं या शाळेचं वेळापत्रक मी बसवतो. गणित शिकवणं हा माझा पेशा, पण वेळापत्रक हा माझा जीव. "अवघड आहे, पण करू," मी म्हणालो.

संध्याकाळी माळ्यावरून फळा काढून जेवणाच्या टेबलावर आडवा टाकला. त्यावर आठवड्याची घरं आखलेली आहेत आणि प्रत्येक विषयाची रंगीत पट्टी टाचणीने टोचून ठेवायची. गणिताची पिवळी पट्टी तेवढी टोचलेली नाही. ती पहिल्या तासाच्या ओळीत मी डिंकाने चिकटवून टाकलीय. एका वर्षी ती पंख्याच्या वाऱ्याने उडून सोफ्याखाली गेली आणि माझी अख्खी दुपार खाल्ली, तेव्हापासून. शिवाय गणित सकाळच्या ताज्या डोक्याचा विषय आहे, ते हलायचं कारणच नाही.

"हे होईस्तोवर जेवायचं कुठे?" बायकोने विचारलं.

"ओट्यापाशी."

"म्हणजे दिवसभर औषधांच्या दुकानात काउंटरला उभी, आणि घरी येऊनही काउंटर." तिने ताट उचललं आणि खरोखरच ओट्यापाशी उभी राहून जेवली. मला टोमणा कळतो, पण या वेळी माझ्याकडे उत्तर द्यायला सवड नव्हती.

१७ मार्च

जमलं! दोनदा सगळं मोडून पुन्हा मांडलं, पण जमलं.

मुलांनी चार गटांतून एकेक विषय उचलायचा. एका गटातले सगळे विषय एकाच तासाला, वेगवेगळ्या खोल्यांत. म्हणजे एकाच गटातले दोन घेता येणार नाहीत, बाकी काय हवं ते घ्या. अ गट दुसऱ्या तासाला, ब तिसऱ्या, क चौथ्या, आणि ड जेवणाच्या सुट्टीनंतर. पहिला तास गणिताचा. गणित सगळ्यांनाच आहे, त्यामुळे त्याचा प्रश्न नाही.

घाम काढला तो क गटाने. जीवशास्त्राची प्रयोगशाळा फक्त चौथ्या तासाला रिकामी असते. वर्कशॉपचे सर अर्धवेळ, सुट्टीची घंटा झाली की ते दुसऱ्या शाळेत पळतात, म्हणजे त्यांना ड गटात टाकता येत नाही. अ आणि ब गच्च भरलेत. तेव्हा जीवशास्त्र आणि वर्कशॉप दोन्ही क गटात. तसंही ज्याला बेडकाचं पोट बघायचंय त्याला कानस कशाला हवी?

बाई बराच वेळ कागद बघत होत्या. "यातलं काही हलू शकतं का, गरज पडली तर?"

"बाई, एक वीट काढली की भिंत खाली," मी सांगितलं. पोरं मला पाठीमागे 'चौकट' म्हणतात हे मला ठाऊक आहे. प्रेमाचं नाव आहे. चौकटीशिवाय दार कशाच्या आधाराने उभं राहणार?

२२ मार्च

मधल्या सुट्टीत माझी भाची स्टाफरूमच्या दारात उभी. ताईची एकुलती एक, आमच्याच शाळेत आठवीला आहे. घरी ती मला 'मामा, तू' म्हणते आणि शाळेत 'सर, तुम्ही'. हा नियम मीच घालून दिलाय. शाळेत नातं आणलं की लोक बोलायला मोकळे.

"सर, मला जीवशास्त्र आणि वर्कशॉप दोन्ही घ्यायचेत."

"दोन्ही क गटात आहेत. एक घे."

"दोन्ही हवेत, सर."

मी तिला बसवलं, पूर्ण वेळापत्रक आखून दाखवलं आणि ते का शक्य नाही हे पायरीपायरीने सिद्ध केलं. प्रयोगशाळा, अर्धवेळ सर, भरलेले गट, सगळं. सिद्धता सुरेख झाली. तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि हा?"

"तो गणिताचा."

"बरं, सर," म्हणाली आणि गेली. पटलं असावं.

संध्याकाळी ताईकडे डोकावलो. भाऊजींचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. काही वर्षांपूर्वी डेपोत बस मागे घेताना चाकाखाली गेला. आता ते डेपोच्याच चौकशी खिडकीत बसतात. आज ते बसवलेला कृत्रिम पाय काढून, मांडीवर चादर घेऊन खुर्चीत टेकले होते आणि भाची शिवणाच्या टेपने चादरीवरूनच उरलेला पाय चार-चार ठिकाणी मोजत होती. "मास्तर, ही आमची इंजिनिअर," भाऊजी हसत म्हणाले. परीक्षा तोंडावर आणि ही बापाचा पाय मोजत बसलीय. या वयात पोरांना अभ्यास सोडून सगळं सुचतं.

२ एप्रिल

वर्कशॉपचे सर आज मुद्दाम माझ्या टेबलाशी आले. पोरं त्यांना 'पाना' म्हणतात, त्यांच्या खिशात कायम एक असतो म्हणून. म्हणाले, "मी सकाळी पहिल्या घंटेलाच हजर असतो. पहिला तास नुसता मशिनींना तेल घालत बसतो."

"छान आहे की. आम्हाला कुठे एवढी फुरसत," मी म्हटलं.

ते म्हणाले, "नाही, म्हटलं तुमच्या कानावर घालावं." आता रिकाम्या वेळाचीही तक्रार! काहींना काम दिलं तर ताप, नाही दिलं तरी ताप.

९ एप्रिल

निवडीचे अर्ज परवा बंद होतील. आजवर नऊ मुलांनी क गटात दोन खुणा केल्यात, जीवशास्त्र आणि वर्कशॉप. मी ते अर्ज परत पाठवले. धड इकडे नाही, धड तिकडे नाही, अशी धरसोड या वयात मोडून काढलेली बरी. एकाचा बाप येऊन टेबलावर हात आपटून गेला. दुसऱ्याची आई बाईंच्या खोलीत बराच वेळ होती. बाहेर आल्यावर तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी ताईचा फोन. "छोट्या, तुझ्याच हातात आहे ना सगळं?"

"म्हणूनच नाही म्हणतोय. उद्या सगळे म्हणतील, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं."

"मी तिच्यासाठी वशिला नाही मागत. तिच्याशी नीट बोल, एवढंच म्हणतेय."

"बोललो. पूर्ण सिद्ध करून दाखवलंय."

ताईने फोन ठेवला. न बोलता ठेवला, म्हणजे रागावली आहे. तत्त्वाने वागायचं तर घरचे दुखावतात, याला इलाज नाही.

११ एप्रिल

अर्ज बंद. भाचीचा अर्ज आला, पण क गटाची जागा कोरी. नियम असा आहे की कोऱ्या जागी विषय मी ठरवायचा. मी जीवशास्त्र घातलं. मुलगी हुशार आहे, पुढे उपयोग होईल. मामा म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून निर्णय घेतला.

१३ एप्रिल

ताई घरी आली. चप्पलसुद्धा काढली नाही.

"तिने जागा कोरी ठेवली ती तू भरावीस म्हणून नव्हे. तू विचारावंस म्हणून."

"काय विचारायचं? नियम सगळ्यांना सारखे."

"लहानपणी पत्ते खेळताना तू आधी स्वतःची पानं बघायचास आणि मग हुकूम कोणता ते ठरवायचास. वर म्हणायचास, नियम सगळ्यांना सारखे."

मला राग आला. आवाज चढला. मी तिला म्हणालो की तुझ्या लेकीची हौस पुरवायला मी शाळा उलटीपालटी करणार नाही. ताई टेबलावरच्या फळ्याकडे बघत राहिली, मग माझ्या बायकोला म्हणाली, "वहिनी, येते गं." मला काही म्हणाली नाही.

बायको जिन्यापर्यंत सोडायला गेली. परत आल्यावर मी म्हटलं, "तूच सांग, माझं काय चुकलं?"

"मला नका विचारू. मी गोळ्या विकते," ती म्हणाली. मग आत गेली आणि भांडी जरा जास्तच आवाज करत घासली.

५ मे

शाळा सुटीत. कार्यालयातले कारकून रस्त्यात भेटले. सहज म्हणून सांगावं तसं म्हणाले, "तुमच्या भाचीचा दाखला परवा नेला की. पुलापलीकडच्या शाळेत जातेय."

मी म्हटलं, "हो हो, माहीत आहे." काही माहीत नव्हतं. पुलापलीकडे म्हणजे दोन बस बदलायच्या. माझ्या शाळेतून माझ्याच घरची मुलगी दाखला घेऊन जाते आणि मला ते रस्त्यावर कळतं! बायकोला सांगितलं, तर ती फक्त "हं" म्हणाली. तिला आधीच माहीत होतं.

११ मे, रविवार

सकाळी ताईकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो, खोटं का बोला.

ताईने दार उघडलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. भाऊजी खाटेवर. काल नव्या शाळेत सह्या करायला गेले होते, तिथे तीन मजले चढावे लागले. बसवलेला पाय बाजूला उभा होता आणि उरलेल्या पायाच्या टोकाशी कातडी सोलून लालभडक झालेली. मी हे कधी पाहिलंच नव्हतं. मी आलो की त्यांनी पाय लावलेला असायचा, किंवा वर चादर असायची. भाची खाली बसून मलम लावत होती. "फार दुखतंय?" मी विचारलं.

"रोजचंच आहे, मास्तर," भाऊजी म्हणाले. "हिने आत गादी बसवलीय तेव्हापासून बरं आहे. काल जरा जास्त झालं, इतकंच."

मी तो पाय उचलून आत पाहिलं. जुन्या चपलेचा मऊ तळ कापून, आतल्या गोलाईला बरोबर बसेल असा आकार देऊन, कडेने बारीक टाके घालून बसवला होता. एके ठिकाणी पुन्हा कापून दुरुस्त केला होता. हाडाचं टोक जिथे टेकत असेल तिथे तो पातळ होता.

"हे कोणी केलं?"

"मी."

"कुठे शिकलीस?"

तिने मलमाचं झाकण लावलं. "कुठेच नाही, सर. म्हणून तर दोन्ही हवे होते."

घरात, बापाच्या खाटेपाशी, ती मला सर म्हणाली. मला खाली बसायला जागा होती, पण बसवेना. लाज वाटली. त्यापलीकडे दुसरा शब्द नाही.

त्याच दिवशी, दुपारी

जेवलो नाही. फळा पुढ्यात घेतला. पट्ट्या इकडच्या तिकडे केल्या, पुन्हा केल्या. प्रयोगशाळा चौथ्या तासालाच. वर्कशॉप सुट्टीआधीच. प्रत्येक वेळी तिथेच येऊन अडकायचो. रविवारी या वेळी मी खुर्चीत पेंगतो. आज झोप आसपासही फिरकली नाही.

बायको ओट्यापाशी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ती पिवळी काढून बघा की."

"ती निघत नाही."

"निघत नाही की काढायची नाही?"

"गणित सकाळच्या ताज्या डोक्याचा विषय आहे."

"पोरांच्या की तुमच्या?" ती म्हणाली. "दुपारी जेवल्यावर तुम्हाला शिकवणं जमत नाही, डोळे मिटतात. हे अठरा वर्षं मला माहीत आहे, तुमच्या स्टाफरूमला माहीत आहे. तुम्हालाच तेवढं माहीत नाही."

मी पिवळ्या पट्टीच्या टोकाशी नख घातलं. डिंक चांगला होता. ओढली तर फाटली, फळ्याचा वरचा कागद घेऊनच निघाली. गणित सुट्टीनंतर, ड गट त्याच्या जागी पहिल्या तासाला, आणि वर्कशॉप क मधून उचलून ड मध्ये. बाकी एकही टाचणी हलवावी लागली नाही. चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात झालं.

"काखेत कळसा," बायको म्हणाली. मग माझ्याकडे बघून पुढचं बोलली नाही. पाण्याचा पेला आणून ठेवला.

१२ मे

बाईंच्या घरी जाऊन दाखवलं. त्या कागदाकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिल्या. "पहिला तास हलतो?"

"हलतो."

"गेल्या वर्षी मी इथे नवी आले, तेव्हाच वर्कशॉपचे सर म्हणाले होते, पहिला तास हलवून बघा म्हणून. पण तुमच्याशी बोलायचा कोणाला धीर होईना. मलासुद्धा नाही झाला." त्या हसल्या नाहीत. मलाही हसू आलं नाही. नऊ मुलांना त्यांचे दोन्ही विषय मिळतील असं पत्र त्यांनी तिथल्या तिथे लिहायला घेतलं. मी म्हटलं, "दहा. एक दाखला परत येईल."

१४ मे

नाही आला.

ताईच्या घरी नवं वेळापत्रक घेऊन गेलो. भाचीने नीट वाचलं. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, मागे ठेवलं होतं अगदी तिथेच. "झालं की," म्हणाली.

"मी दाखला परत घ्यायची व्यवस्था करतो. बाईंशी बोललोय."

ती खिडकीशी गेली. "तिकडच्या मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, हेच दोन विषय का? मी सांगत होते आणि त्या ऐकत होत्या. बाबांचा पाय काढून दाखवायला सांगितला. बाबांनी दाखवला. बाबा कोणाला दाखवत नाहीत."

"मी विचारायला हवं होतं," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. रागाने नाही. तेच जास्त लागलं. मला वाटलं होतं, चूक दुरुस्त केली की हिशेब मिटतो, गणितात मिटतो तसा. मी आपला कागद घडी घालून खिशात ठेवला. निघताना ताईने पहिल्यांदा तोंड उघडलं, "जेवून जा." मी थांबलो. भाऊजींनी विषय बदलून डेपोतल्या गमती सांगितल्या, मी हसायच्या जागी हसलो.

१७ जून

शाळा सुरू. पहिल्या तासाला मी स्टाफरूममध्ये एकटा. हात कुठे ठेवावेत कळेना. वर्कशॉपमधून मशिनींचा आवाज येत होता. पाना सर दारातून डोकावले, हाताला तेल, चेहरा फुललेला. "खोली अपुरी पडतेय," एवढंच सांगून पळाले.

सुट्टीनंतर गणित. निम्मी पोरं जांभया देतात, निम्मी मला जांभई आली की हसतात. आज उभ्यानेच शिकवलं, खुर्ची कोपऱ्यात ठेवून दिली. त्या नऊ जणांपैकी एक मुलगी तास संपल्यावर थांबली. धीट आहे. म्हणाली, "सर, हे आधीच का नाही करता आलं?"

"डिंक फार घट्ट होता," मी म्हणालो.

तिला काही कळलं नाही. ती हसली, मुलं मोठ्यांच्या विनोदाला हसतात तशी.

२६ जून

पहिला तास मोकळा, म्हणून हल्ली फाटकाशी उभा राहतो. उशिरा येणाऱ्यांना आत घेतो. समोरच्या थांब्यावर पुलाकडे जाणारी बस येते. त्या शाळेची वेळ आमच्यापेक्षा उशिराची.

आज ती थांब्यावर होती. वेगळा गणवेश, हातात पुठ्ठ्याची लांब नळी. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. तिने रस्त्यापलीकडून मोठ्याने हाक मारली, "मामा!"

फाटकातली पोरं वळून बघायला लागली. शाळेच्या दारात मामा म्हणायचं नाही, हा नियम माझाच. पण ती आता या शाळेची नाही, तिला तो लागू नाही. माझे डोळे भरून आले. पोरांना वाटलं असेल, धूळ गेली.

"आज वर्कशॉपमध्ये काय आहे गं?" मी ओरडून विचारलं.

तिने नळी वर करून काहीतरी सांगितलं. मध्ये बस येऊन थांबली, ऐकू आलं नाही. बस गेली तेव्हा थांबा रिकामा होता. उद्या पुन्हा विचारीन.